टाच कुणाची?

जेवणं आटोपली असतील, भांडी व्हायची असतील. हात चालू द्या, कान तेवढे इकडे द्या.

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ आला. रेल्वे स्टेशनचा फलाट. एक चाळिशीचा पुरुष. इस्त्रीचा शर्ट, काळी पँट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात चाकांची बॅग. कामासाठी कुठल्या तरी गावाला निघालेला. आणि पायांत चांगल्या तीन इंच टाचेच्या काळ्या सँडल. टक टक करत तो चालतो आणि गाडीत चढतो. व्हिडिओत एवढंच आहे. मागून व्हिडिओ काढणाऱ्याचं खिदळणं ऐकू येतं.

आम्हीही हसलो. खोटं कशाला बोलायचं? दोघीतिघींनी तो पुढंही पाठवला. बैठकीत विषय निघाला तेव्हा एक जण म्हणाली, "साडी-चोळी राहिली, आता चपलापण नेल्या बायकांच्या!" पुन्हा हशा.

बैठक संपली. आम्ही वह्या आवरत होतो तेव्हा एक ताई मागं थांबली. ती हसली नव्हती, हे आमच्या तेव्हा लक्षात आलं. हळूच म्हणाली, "माझा मुलगा कंपनीच्या कामानं गावोगाव फिरतो. मागं घरी आला तेव्हा त्याच्या बॅगेत असलेच सँडल दिसले. त्याच्याच मापाचे. मी काही विचारलं नाही. पण तेव्हापासून झोप नाही. लोक त्याला मारतील का? आणि तो बरा आहे ना?"

आम्हाला पटकन उत्तर देता आलं नाही. तेव्हा ठरवलं की या विषयाची नीट माहिती काढायची. आज ती तुमच्यासमोर ठेवतो. ताईला विचारून, तिची ओळख न सांगता.

पहिला प्रश्न असा, की टाचेची चप्पल बायकांची हे ठरवलं कुणी? ती आधी कुणाच्या पायात होती?

ती होती घोडेस्वाराच्या पायात. आपल्या भाषेतच बघा ना, घोडा पळवायचा म्हणजे घोड्याला टाच मारायची. घोड्यावर बसलेल्या माणसाचे पाय रिकिबीत असतात. इराणातले, म्हणजे तेव्हाच्या पर्शियातले स्वार घोडा दौडत असताना रिकिबीत उभे राहून धनुष्यबाण चालवायचे. पाय सपाट असेल तर रिकिबीतून पुढं सरकतो, तोल जातो. बुटाला टाच असेल तर ती रिकिबीच्या पट्टीला अडकते आणि पाय जागच्या जागी राहतो. आपल्या विळ्याच्या मुठीला टोकाशी थोडा उंचवटा असतो ना, हात घसरू नये म्हणून? तसंच ते. म्हणजे उंच टाच नटण्यासाठी जन्मली नाही. कामावर निघालेल्या पुरुषाचं ते अवजार होतं.

१५९९ साली इराणचा बादशहा शाह अब्बास यानं युरोपातल्या राजांकडे आपले वकील पाठवले. वकील म्हणजे कोर्टातले नव्हेत, राजाचा निरोप घेऊन जाणारे. तुर्कांच्या विरोधात युरोपातल्या राजांनी साथ द्यावी, असा तो निरोप होता. कामासाठी महिनोन्‌महिने प्रवास करणारी ही माणसं. त्या काळात इराणी पोशाखाचं युरोपात मोठं कौतुक झालं. तिथल्या सरदारांना टाचेचे बूट मर्दानी वाटले. घोडेस्वार म्हणजे लढवय्या आणि लढवय्या म्हणजे पुरुष, असा तो हिशेब. बघता बघता युरोपातले बडे पुरुष टाचा घालू लागले. बायकांनी त्या नंतर घेतल्या, पुरुषांचं बघून.

ही माहिती जपणारं एक संग्रहालय कॅनडातल्या टोरोंटो शहरात आहे. बाटाचं नाव आपल्या प्रत्येक बाजारपेठेत आहे. त्या बाटा घराण्यातल्या सोन्या बाटा यांनी जगभरातली पादत्राणं गोळा करून हे संग्रहालय उभं केलं. तिथं २०१५ साली खास पुरुषांच्या टाचांच्या इतिहासाचं प्रदर्शन भरलं होतं.

फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचं १७०१ सालचं एक मोठं चित्र आहे. पायांत पांढरे मोजे, पांढरे बूट आणि लालभडक उंच टाचा. हा राजा १७१५ पर्यंत गादीवर होता आणि त्याच्या दरबारात लाल टाच हे मानाचं चिन्ह होतं. उंच टाच घालून चिखलात कुदळ मारता येत नाही. म्हणून ज्याच्या पायात टाच, त्याला राबावं लागत नाही, असा तो डौल होता.

मग पुरुषांनी टाच सोडली कधी? अठराव्या शतकात युरोपात विचार बदलला. पुरुषानं साधं, कामाचं कपडालत्तं घालावं आणि नटणंमुरडणं बायकांचं, अशी वाटणी झाली. तेव्हा टाच बायकांकडे गेली. पुढं १९५०च्या सुमारास टाचेत पोलादाची बारीक दांडी घालायचं तंत्र आलं आणि पेन्सिलसारखी टाच निघाली. तिला स्टिलेटो म्हणतात. मूळ इटालियन शब्द, अर्थ बारीक खंजीर. ज्यांनी ती दिवसभर घातली आहे त्यांना हे नाव पटेल.

पण पुरुषांच्या पायातून टाच पुरती गेलीच नाही. अमेरिकेत घोड्यावर बसून गुरं राखणारे काउबॉय आजही टाचेचे बूट घालतात. कारण तेच, रिकीब. आणि लांब कशाला जायचं? घरातला जुना अल्बम काढा. १९७०च्या दशकातला एखादा फोटो सापडतो का बघा. कुणाचे सासरे, कुणाचे वडील, कुणाचे मुंबईला गिरणीत असलेले काका. बेलबॉटम पँट, मोठी कॉलर आणि पायांत जाड उंच टाचेचे बूट. सिनेमातल्या हिरोंचं बघून आलेली ती फॅशन. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, "तुम्ही बरे आहात ना?" उलट गावात त्यांचा रुबाब होता.

म्हणजे टाच तीच, पाय पुरुषाचाच. एका काळात रुबाब, दुसऱ्या काळात टिंगल. मग फरक कुठं पडला? बघणाऱ्याच्या डोळ्यात.

मैत्रिणींनो, पायात काय घालायचं हा प्रश्न नुसत्या पायाचा कधीच नसतो. आपल्या म्हाताऱ्या बायांना विचारा. चावडीवरून जाताना, थोरामोठ्यांसमोरून जाताना सुनेनं चपला काढून हातात घ्यायच्या, असं कितीतरी गावांत होतं. दलित वस्तीतल्या माणसांना तर वरच्या आळीतून जाताना वहाणा पायात ठेवायची सोय नव्हती. कुणी काय घालायचं हे ज्यांच्या हातात सत्ता, ते ठरवत आले. लुईच्या दरबारात लाल टाच मानाची, आपल्याकडे साधी वहाणसुद्धा मानाची.

आणि रस्त्यावरचं हसणं? ते आपल्याला नवं आहे का? आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला अमेरिकेला निघाल्या, त्याआधी १८८३ साली त्यांनी बंगालमधल्या सेरामपूरला एक भाषण केलं. शिकायला आणि फिरायला घराबाहेर पडल्यावर रस्त्यावरचे लोक कसे रोखून बघतात, कशी टिंगल करतात, हे त्यांनी त्यात सांगितलं. आपल्या गटातली पहिली बाई गावात पंजाबी ड्रेस घालून आली, तेव्हा काय झालं होतं? पहिली बाई स्कूटीवर बसली तेव्हा? आपण सगळ्या त्या हसण्यातून गेलो आहोत. मग आता हसणाऱ्यांच्या रांगेत आपण कशा जाऊन उभ्या राहिलो?

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. पुरुषानं टाच घातली तर टिंगल, आणि बाईनं नाही घातली तर नोकरीवरून घरी. हे खरंच घडलेलं आहे. डिसेंबर २०१५ मध्ये लंडनमध्ये निकोला थॉर्प ही तरुणी एका कार्यालयात स्वागतकक्षात तात्पुरत्या कामाला गेली. पायात सपाट बूट होते. तिला सांगितलं, बायकांना दोन ते चार इंच टाच लागते. ती म्हणाली, पुरुषांना लागते का? तर तिलाच हसले. तिनं नकार दिला तेव्हा त्या दिवसाचा पगार न देता घरी पाठवलं. तिनं सरकारकडे अर्ज केला आणि त्यावर दीड लाखाहून जास्त लोकांनी सह्या केल्या. तिथल्या संसदेच्या समित्यांनी चौकशी करून जानेवारी २०१७ मध्ये अहवाल दिला. सरकारनं नवा कायदा मात्र केला नाही, असलेलाच पुरेसा आहे म्हणाले. पण देशभर बोलणं सुरू झालं.

त्याच वर्षी कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतानं कामावर टाचेची सक्ती करायला बंदी केली. फिलिपाईन्स देशानंही २०१७ मध्येच आदेश काढला की बायकांवर एक इंचाहून उंच टाच लादायची नाही. जपानमध्ये युमी इशिकावा या बाईनं २०१९ साली मोहीम चालवली. जपानी भाषेत बूट आणि वेदना या दोन शब्दांचा उच्चार जवळजवळ सारखाच आहे. त्यावरून मोहिमेचं नाव पडलं कूटू. पुढच्या वर्षी जपानच्या एका मोठ्या विमान कंपनीनं हवाई सुंदरींवरची टाचेची अट काढून टाकली.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. लंडनची बाई म्हणते, मला टाच नको. फलाटावरचा तो पुरुष म्हणतो, मला टाच हवी. दोघांचं मागणं एकच आहे. माझं काम बघा, माझ्या पायाचं मी बघतो. एकावरची सक्ती आणि दुसऱ्याची टिंगल एकाच मुळातून आली आहे. ते मूळ म्हणजे ही वस्तू बाईची आणि ती पुरुषाची, असली ठरवलेली वाटणी.

आता ताईचा दुसरा प्रश्न. "तो बरा आहे ना?"

पुरुषानं टाच घातली म्हणजे त्याला काही रोग झाला, असं नाही. हा आजार नाही, वेड नाही, कुणी केलेली करणीही नाही. कुणाला त्यात चाल ऐटदार वाटते म्हणून आवडते. कुणाला उंच दिसायचं असतं. कुणी नट असतो, नर्तक असतो. कुणाला आतून आपण बाई आहोत असं वाटत असतं आणि ते तो हळूहळू बाहेर आणत असतो. आणि कितीतरी जण संसारी, बायकोमुलं असलेले, चारचौघांसारखे पुरुषच असतात, त्यांना फक्त ती चप्पल आवडते. नुसत्या चपलेवरून कोण काय आहे हे कळत नाही. ते त्यालाच ठाऊक. त्याला वाटेल तेव्हा तो सांगेल.

आपल्या मातीला हे अगदीच परकं आहे का? बालगंधर्वांच्या स्त्री भूमिका बघून बायका साड्या नेसायला शिकल्या, असं आपण कौतुकानं सांगतो. तमाशातला नाच्या जत्रेजत्रेला फिरतो. ते त्याचं काम, आणि त्यासाठीच त्याचा प्रवास. 'नटरंग' सिनेमा आपण सगळ्यांनी बघितला. पैलवान गुणा कलेसाठी नाच्या होतो आणि मग गाव त्याचं काय करतं, ते बघून आपण पदरानं डोळे पुसले. रंगमंचावर टाळ्या आणि खाली उतरल्यावर टोमणे. पडद्यावरच्या गुणासाठी रडायचं आणि फलाटावरच्या माणसाला हसायचं, हे काही बरोबर नाही.

कायदा काय म्हणतो तेही सांगतो. पुरुषानं टाचेची चप्पल घालू नये, असा कोणताही कायदा आपल्या देशात नाही. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांबद्दल मोठा निकाल दिला. त्यात म्हटलं आहे की कपड्यांतून, बोलण्यातून, वागण्यातून आपली लिंगओळख व्यक्त करणं हा घटनेच्या कलम १९ मधल्या अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भाग आहे. कारखान्यात सुरक्षेचे बूट घालायचा नियम असेल तर तो सगळ्यांनाच पाळावा लागतो, ती गोष्ट वेगळी. पण फलाटावर, एस्टीत, बाजारात ज्यानं त्यानं आपल्या पायाचं ठरवावं.

आता थोडं शरीराबद्दल. हे बाईलाही लागू आणि पुरुषालाही. टाच उंच झाली की अंगाचा भार टाचेवरून पुढं चवड्यावर जातो. बोटं दाबली जातात, अंगठ्याचं हाड बाहेर येऊ शकतं. गुडघ्यावर आणि कंबरेवर ताण येतो. रोज तासन्‌तास घातली तर पोटरीचे स्नायू आखडतात, मग सपाट चप्पल घातली तरी दुखतं. घोटा मुरगळण्याची भीती तर असतेच. टाच घालून चालायची सवय लागते ती थोडी थोडी. पहिल्याच दिवशी लांबच्या प्रवासाला निघणं म्हणजे पायाचे हाल.

म्हणून ज्यांना घालायची आहे त्यांनी एवढं करावं. पेन्सिल टाचेपेक्षा रुंद, ठोकळ्यासारखी टाच बरी. उंची दोन इंचांच्या आत असली तर ताण कमी. घोट्याला पट्टा असावा. बोटांना जागा हवी, लहान मापात पाय कोंबू नये. बायकांच्या चपला मोठ्या मापात सहज मिळत नाहीत, त्यामुळे पुरुष ही चूक हटकून करतात. पिशवीत एक सपाट चप्पल कायम ठेवावी. एस्टीची पायरी उंच असते, स्टँडवर पाणी सांडलेलं असतं, फलाट आणि गाडीत फट असते. चढता-उतरताना दांडी धरावी, घाईच असेल तर चप्पल बदलून घ्यावी. रात्री कोमट पाण्यात पाय ठेवून पोटऱ्या ताणाव्यात, भिंतीला हात टेकून, टाच जमिनीला लावून.

ताईचा पहिला प्रश्न होता, "लोक त्याला मारतील का?" इथं आम्ही खोटा धीर देणार नाही. भीती खरी आहे. टिंगल करणारे कधी कधी अंगावरही येतात. म्हणून मुलाला सांगायचं ते हे, की उशिरा रात्री, सामसूम जागी एकट्यानं जाऊ नकोस. कुठं निघालास ते कुणाला तरी कळवून ठेव. कुणी मागं लागलं तर गर्दीत, दुकानात, पोलिसांजवळ जा. पळायची वेळ आली तर चप्पल सोड, जीव सांभाळ. आपण लेकींना हे सगळं सांगत आलोच की. आता लेकालाही सांगू. "घालू नकोस, लोक हसतील" आणि "घालतोस तर जपून जा" या दोन वाक्यांत फार अंतर आहे. पहिलं ऐकलं की मूल आपल्यापासून लपवायला लागतं. दुसरं ऐकलं की ते अडचणीत फोन करतं.

आणि लोक म्हणजे तरी कोण? त्या व्हिडिओपुरतं बोलायचं तर लोक म्हणजे आम्हीच होतो. कुणा अनोळखी माणसाचा त्याला न विचारता काढलेला व्हिडिओ आम्ही पुढं ढकलला. तो माणूस कुणाचा मुलगा आहे, कुणाचा नवरा आहे, त्याच्या ऑफिसात तो पोचला तर काय होईल, याचा विचार केला नाही. असाच आपल्या लेकीचा व्हिडिओ फिरला असता तर?

म्हणून आमच्या गटानं पुढच्या बैठकीत एक ठराव केला. वहीत लिहिला, सगळ्यांनी सह्या-अंगठे केले. कुणाच्या कपड्यांची, चालीची, अंगाची टिंगल करणारा व्हिडिओ आपल्या ग्रुपवर आला तर तो पुढं जाणार नाही. तिथंच पुसायचा आणि पाठवणाऱ्याला सांगायचं. ठरावावर अर्धा तास वाद झाला. एक मावशी म्हणाल्या, "मला काही ते पटत नाही, पुरुषानं असलं घालणं." आम्ही म्हटलं, मावशी, पटलं पाहिजे असं नाही. हसायचं नाही, एवढंच. त्यावर त्यांनी अंगठा दिला.

तुमच्याही बैठकीत हा विषय घ्या. सुरुवातीला एक प्रश्न विचारा. पायात, अंगात, डोक्यावर काय घालता म्हणून तुम्हाला कोण, कधी हसलं होतं? प्रत्येकीकडे एक तरी गोष्ट निघेल. मग पुढचं बोलणं सोपं जातं.

ताईचं काय झालं, ते सांगून थांबतो. तिनं चार दिवस वाट बघितली, मग मुलाला फोन लावला. इकडचं तिकडचं झालं आणि म्हणाली, "बाबा, ते तुझ्या बॅगेतले सँडल बघितले मी. टाच लई उंच आहे रे. पाय मुरगळेल. रुंद टाचेचे घे." पलीकडून बराच वेळ आवाजच आला नाही. मग तो म्हणाला, "आई, तू रागावली नाहीस?" ती म्हणाली, "पाय दुखतात का ते सांग आधी."

तो दिवाळीला घरी येणार आहे. ताईला आता झोप लागते. येतो आम्ही. नमस्कार.